मनोरीच्या डब्यातले चार गट

सर्किट बोर्ड जागा झाला की नाही, हे आम्ही बोटानं बघायचो. मीटर होतं, नाही असं नाही. पण सोल्डरिंगच्या टेबलावर बसणाऱ्या आम्हा बायकांना ते उचलायला सवड नसायची. वीज द्यायची, दहापर्यंत मोजायचं आणि उजव्या करंगळीची मागची बाजू एकेका भागाला टेकवायची. मागची, कारण पुढची कातडी चटके खाऊन जाड झालेली असते, तिला काही कळत नाही. हा कोमट, हा गार, हा गरम. गार असायला हवा तो गरम लागला की बोर्ड बाजूला. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावर हे मी पहिल्याच आठवड्यात शिकले. मला येणारी ती पहिली गोष्ट, जिच्यावर कुणी हसलं नाही.

बाकी सगळ्यावर हसत. मी गोंदियाकडची. माझ्या तोंडून 'करून राह्यली' निघालं की शेजारच्या खुर्चीवरची बाई सोल्डरिंगची गन खाली ठेवून हसायची. ती घाटकोपरची, मूळची कोकणातली, सासरे मिलमध्ये होते तिचे. मला नावानं कधी हाक मारली नाही तिनं.

"ए गोंदिया, जेवून राहिलीस की जेवलीस? एकदाच काय ते सांग ना."

मग तिच्याच डब्यातली भाकरी माझ्या झाकणात पडायची. मी मान खाली घालून खायचे. उलट काही बोलायला यायचं नाही, आणि आभार मानायलाही नाही.

नववीत माझं शाळेतलं नाव कमी झालं. आई धानाच्या रोवणीच्या दिवसांत आजारी पडली, दोन धाकटे भाऊ, घरचं सगळं माझ्यावर. दीड महिन्यानं मी शाळेत गेले तर गुरुजींनी हजेरीपट उलटून पाहिला आणि म्हणाले, "तुझं नाव कमी केलं बेटा. घरचं कुणी विचारायलाच नाही आलं." रागानं नाही, सहज म्हणाले. खिडकी बंद केली असं सांगावं तसं. परत कसं घ्यायचं नाव, हे मी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं. मी विचारलं नाही. दप्तर घेऊन घरी आले आणि तांदूळ निवडायला बसले.

पुढे तालुक्याला मुलींसाठी इलेक्ट्रॉनिक जोडणीकाम शिकवत होते, तिथे शिकले आणि तिथूनच या कंपनीत आले. कंपनी म्हणजे वीस-बावीस माणसं. राहायला कांदिवली पूर्वेला एका फ्लॅटमध्ये तिघींच्या सोबतीनं खाट मिळाली. सोबत म्हणायची एवढंच. तिघींच्या पाळ्या वेगळ्या. मी त्यांना जास्त करून दोरीवरच्या टॉवेलांवरून ओळखते. निळा वाळत असेल तर कॉल सेंटरवाली आत झोपलीय, दार हळू लावायचं. रविवारी तर दुधाची पिशवी घेताना दुकानदाराशी बोलते तेवढंच. एकदा संध्याकाळी लक्षात आलं, आज त्याच्याशीही बोलणं झालेलं नाही. पिशवी उचलली, पैसे ठेवले, आले.

फोन मात्र मी कधी बंद केला नाही. उशाशी, चार्जरला लावलेला, आवाज पूर्ण. घरून कधी काय येईल सांगता येत नाही, ही धास्ती.

मॅडमबद्दल आधी सांगायला हवं होतं. आमच्या मॅडम मुलुंडच्या. आईवडील दोघं ऑफिसात, घरात सगळे शिकलेले. बोर्डचा नकाशा त्याच काढायच्या. एकदा मी एक बोर्ड बाजूला ठेवला होता, तो त्यांनी उचलला.

"हा का बाजूला?"

"गरम लागला."

"कुठं?"

मी दाखवलं. त्यांनी मीटर लावलं, पुन्हा लावलं. मग माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता काहीतरी निघणार. त्या म्हणाल्या, "उद्यापासून दुपारी दोन तास माझ्या बाजूला बसशील?"

शाळा सोडल्यापासून मला कुणी बाजूला बस म्हटलं नव्हतं. त्या रात्री मी आईला फोन केला. आईला काही कळलं नाही, पण ती म्हणाली, "बस ना मग. पंखा आहे का तिथी?"

तेव्हा आम्ही एक छोटा डबा बनवत होतो. मासे ठेवायच्या बर्फखोलीत तो टांगायचा. तासातासाला आतलं तापमान बघायचं, दिवसाकाठी सकाळी सहाला सगळे आकडे एका संदेशात पाठवायचे, उरलेला वेळ झोपायचं. बॅटरी पाच महिने पुरली पाहिजे, अशी बोली होती. बर्फखोलीत प्लग असतो, पण मनोरीच्या मच्छीवाल्या म्हणाल्या होत्या, वीज गेली की तुमचा डबा पण जाणार, मग आम्हाला काय उपयोग? तेव्हा आत किती तापलं ते तर कळलं पाहिजे.

मॅडमनी मला समजावलं ते असं. "डबा चालवणाऱ्या चिपला डोळे नसतात. तिच्या आजूबाजूला काय काय बसवलंय हे तिला दिसत नाही. ते आपण एका फाइलीत लिहून द्यायचं. हा सेन्सर, हा संदेश पाठवणारा मोडेम, ही मेमरी, हे घड्याळ. कळलं? आता वीज. सगळ्यांना सगळा वेळ दिली तर बॅटरी लगेच संपेल. म्हणून भागांचे गट करायचे, आणि एका गटाला एक बटण. या गटाला म्हणतात पॉवर डोमेन. आधी फाइलीत गट लिहायचे. मग प्रत्येक भागाच्या नावाखाली लिहायचं, हा अमुक गटातून वीज घेतो. गटातल्या एकालाही काम असेल तर बटण चालू. कुणालाच नको असेल तर बंद."

"आणि एखाद्या भागाखाली लिहायचं राहिलं तर?"

"तर चिपला वाटतं, या गटाला कुणी मागतच नाहीये. सुरुवात संपली की ती असे गट बंद करून टाकते."

डब्यात चार गट होते. घड्याळाचा, सेन्सरचा, मेमरीचा आणि मोडेमचा. कुठला भाग कुणासोबत गरम होतो हे माझ्या करंगळीला पाठच होतं, त्यामुळे कागदावर गट पाडणं मला जमलं. इंग्रजी शब्द मी वहीत मराठीत लिहून घ्यायचे. कंस आणि अर्धविराम चुकायचे. मॅडम न बोलता स्क्रीनवर पेन टेकवायच्या.

एके दिवशी सेन्सर लागेना. सुरू केला की दोन-तीन सेकंद आकडा यायचा आणि जायचा. मी बोर्ड बदलला, सेन्सर बदलला. शेवटी मॅडमनी फाइल वर-खाली केली आणि हसल्या. सेन्सरखालची एक ओळ मी लिहिलीच नव्हती. सेन्सर जागेवर होता, सोल्डरचे टाके नीट होते, वीज होती. फक्त तो कुणाचा, हे कुठं लिहिलेलं नव्हतं.

"बघ, कुणी मागितलं नाही, म्हणून बंद," मॅडम म्हणाल्या.

त्यांच्यासाठी ती नेहमीची गोष्ट. मी मात्र बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं, दोनदा.

मी ओळ लिहिली. मॅडमनी पूर्ण फाइल तपासली, डबा झोपवून मीटरवर विजेची गळती मोजली, पाच महिन्यांचा हिशेब बसला. शनिवारी सकाळी पहिला डबा मनोरीला जायचा होता, चाचणीसाठी. तो चालला तर आणखी बारा बर्फखोल्यांचं काम मिळणार होतं. शुक्रवारी मॅडम लवकर निघाल्या. डब्यात शेवटची फाइल भरून झाकण बसवायचं काम माझ्यावर. त्यांनी माझ्यावर सोपवलेलं पहिलं काम.

झाकण हातात धरून मी किती वेळ बसले कोण जाणे. आणखी कुठं एखादी ओळ राहिली असेल तर? मनोरीत, खाडीपलीकडे, कुणी नसताना तो सेन्सर पुन्हा विझला तर? फाइलीत एक शब्द असतो. तो गटाखाली लिहिला की त्या गटाचं बटण कुणीही मागो न मागो, कायम चालू राहतं. मॅडमनी तो फक्त घड्याळाच्या गटाला लावला होता. मी तो उचलला आणि उरलेल्या तिन्ही गटांखाली ठेवला. मला तेव्हा खरंच वाटलं, चालू राहिलं म्हणून कुणी रागावत नाही. बंद पडलं तर रागावतात.

बॅटरीचं डोक्यात आलं नाही का? आलं होतं. पण धास्ती भरली की माणूस जवळचंच बघतो. मॅडमना मी सांगितलं नाही. फाइल भरली, झाकण लावलं, चार स्क्रू.

रोज सकाळी सहाला डब्याचा संदेश यायचा. मॅडमनी त्यातली शेवटची ओळ माझ्याही फोनवर येईल असं केलं होतं. तापमान, बॅटरी, वेळ. एकच ओळ. मी त्या वेळी चहा ठेवत असे. फ्लॅटमध्ये दोघी झोपलेल्या, एक यायची बाकी, आणि फोन टिंग व्हायचा. मी गॅस बारीक करून वाचायचे. खोटं कशाला सांगू, मला त्या ओळीची सवय झाली. दिवसभरात मला उद्देशून आलेलं पहिलं काहीतरी असायचं ते. बॅटरीचा आकडा रोज उतरत होता, जरा भरभरच. मी स्वतःला सांगायचे, नवी बॅटरी आहे, बसेल जागेवर.

दहाव्या दिवशी टिंग झालं नाही.

मी सव्वासहापर्यंत गॅसपाशी उभी होते. चहा उतू गेला.

ऑफिसात मॅडम म्हणाल्या, "टेबलावर सगळं बरोबर होतं. मी स्वतः मोजलंय. म्हणजे तिकडची खारी हवा. ओल आत गेली असणार, बोर्डवरून वीज गळतेय. डबा मी निवडला, झाकणाला रबर नको म्हणाले, माझंच चुकलं." मग मला म्हणाल्या, "तू कांदिवलीत राहतेस ना? तुला मार्वे जवळ. उद्या तिकडूनच जा. बॅटरी बदल, आतून फोटो काढ, ओल दिसते का बघ."

मी हो म्हटलं. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

मार्वेच्या जेट्टीवरून फेरीबोटीनं मनोरी पाच-सात मिनिटांवर आहे. पाठीवर लॅपटॉप, पिशवीत बॅटरी. बोटीत एक स्कूटर, दोन सायकली, टोपल्या घेतलेल्या बायका. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं आणि मला वाटत होतं सगळे बघतायत. बर्फखोलीची किल्ली ज्यांच्याकडे होती त्या मावशी बाहेर बोंबील वाळत घालत होत्या.

"आलीस गो? तुझा डबा मेला ना?"

"बॅटरी संपली मावशी."

"पाच महिने सांगत होती तुझी मॅडम. आमच्या नातवाचा खेळणा पन जास्त चालतो." आणि ओल्या हातानंच दार उघडून दिलं. "बस निवांत. मी हाय इथंच."

मी डबा बाहेर आणून उंबऱ्यावर बसले आणि झाकण काढलं. आत ओल नव्हती. कोरडा ठणठणीत, आमच्या टेबलावर असतो तसा. नवी बॅटरी लावली. डबा जागा झाला, एक संदेश गेला. आता झोपायला हवा होता. मी दहा मिनिटं थांबले. मग करंगळी टेकवली.

मोडेम गरम. मेमरी कोमट. सगळे जागे, कुणालाही काम नसताना.

मीटरची गरजच नव्हती. तो कोमटपणा माझा होता, मी स्वतः टाइप केलेला.

मी लॅपटॉप उघडला. मॅडमनी तपासलेली फाइल होतीच माझ्याकडे. वायर जोडली, फाइल भरली. पुन्हा दहा मिनिटं. मोडेम गार पडला, मग मेमरी. झाकण लावलं. म्हणजे झालं. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. तेवढ्यात मॅडमचा फोन आला.

"काय दिसलं? ओल आहे ना आत?"

मावशी समोर बोंबील पसरत होत्या. मला नुसतं 'नाही' एवढंच म्हणायचं होतं.

"हो," मी म्हटलं. "थोडीशी."

"वाटलंच. बरं, ये परत. जपून ये."

जपून ये म्हणाल्या त्या. मावशींनी निघताना कागदात मूठभर सुकट बांधून दिली. मी नको नको म्हणत घेतली. परतीच्या बोटीत मी इंजिनापाशी उभी राहिले, म्हणजे कुणी काही विचारलं तरी ऐकू येणार नाही. कुणी विचारलंच नाही.

पुढचे दोन दिवस सकाळी सहाला संदेश बरोबर आला. बॅटरीचा आकडा हललाही नव्हता. मी वाचायचे आणि फोन पालथा ठेवायचे. ऑफिसात मॅडम नव्या डब्याचं चित्र काढत होत्या. रबर लावलेला, दुप्पट जाड. आमच्या साहेबांसमोर त्यांनी सांगितलं, निवड माझी चुकली, नवा साचा करावा लागेल, बारा डब्यांचं काम दोन महिने पुढे जाईल. साहेब मोठ्यानं बोलत नाहीत. पण त्या दिवशी काचेच्या आत ते बराच वेळ उभे राहून बोलत होते आणि मॅडम बसून ऐकत होत्या.

"मॅडमची वाट लागली बघ," घाटकोपरची बाई माझ्या कानाशी म्हणाली. "मुलुंडची माणसं, कधी ओरडा खाल्लाय का त्यांनी? आणि तू का गं अशी पांढरी पडलीस? तुला थोडीच ओरडतायत."

"मला बरं नाही वाटून राह्यलं."

ती या वेळी हसली नाही. "पाणी पी," म्हणाली.

मी पाणी प्यायले. मग एक बोर्ड घेऊन बसले आणि एकच टाका तीनदा लावला. मला दिसत होतं काय होणार ते. सांगितलं तर बाजूची खुर्ची जाईल. कदाचित ही सोल्डरिंगची पण जाईल, आणि मग कांदिवलीतली खाट, आणि मग गोंदियाच्या स्टेशनवर आई. आई काही म्हणणार नाही, तेच वाईट. नाही सांगितलं तर काहीच होणार नाही. एक जाड डबा बनेल. आणि मॅडम, ज्यांनी मला बस म्हटलं, त्या आयुष्यभर समजतील की आपल्याला डबा निवडता आला नाही.

जेवणाच्या सुट्टीत त्या एकट्या होत्या. मी समोर उभी राहिले. बसले नाही.

"मॅडम, आत ओल नव्हती."

त्यांनी चमचा खाली ठेवला.

मग मी सगळं सांगितलं. कुठून सुरुवात करावी कळेना म्हणून करंगळीपासून केली. मोडेम गरम होता. मग शुक्रवार, मग तो शब्द, मग तुम्ही तपासलेली फाइल मी तिथेच परत भरली ते. रडायचं नाही ठरवलं होतं, ते जमलं. 'हो, थोडीशी' म्हणाले होते ते सांगताना मात्र आवाज फुटला.

"तिन्ही गटांना लावलास?"

"हो."

"का?"

"मला वाटलं कुणी मागितलं नाही तर बंद होईल."

त्यांनी जेवणाचा डबा बाजूला सारला. त्यांचा चेहरा लाल झाला होता. मग एकदम, "अगं, मी साहेबांना साचा बदला म्हणून सांगून बसले! दोन दिवस! फोनवर हो कशाला म्हणालीस? चूक केलीस ते मी समजू शकते. मी पण केल्यात. हो कशाला म्हणालीस?"

मी त्यांचा चमचा उचलून डब्याच्या झाकणात ठेवला.

त्या उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. मला आत बोलावलं नाही. काचेतून दिसत होतं, त्या उभ्या होत्या आणि साहेब बसले होते. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "नवा साचा रद्द. मनोरीचा डबा महिनाभर बघायचा, मग बाराचं ठरेल. तू तोवर सोल्डरिंगला. फाइल नाही. दुपारचे दोन तास पण नाही."

"कामावर राहू ना मी?"

त्यांना आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला, तेव्हा त्यांचा आवाज खाली आला. "कामावर? हो गं. वेडी आहेस का?"

त्या दिवशी निघायच्या आधी त्यांनी मला एकदाच संगणकासमोर बसवलं. फाइल उघडली, चारही गट दाखवले आणि म्हणाल्या, "प्रत्येकाखाली मराठीत लिही. कायम चालू का हवा, किंवा का नको. चिप असल्या ओळी वाचत नाही. मी वाचेन." मी तासभर बसले. सेन्सर कायम चालू का हवा? कारण सापडेना. मेमरी, मोडेम, नाही. फक्त घड्याळाखाली लिहिता आलं, की हे बंद पडलं तर बाकीच्यांना उठवायचं केव्हा हे कुणालाच कळणार नाही. त्यांनी वाचलं आणि शेवटच्या ओळीतला एक ऱ्हस्व दीर्घ केला.

तो महिना लांब गेला. शेजारची बाई डब्यातलं देत राहिली. तिला सगळं कळलं होतं, सगळ्यांनाच कळलं होतं. "ए गोंदिया, घरी दिवे बंद करून येतेस ना?" असं तिनं एकदाच विचारलं आणि माझा चेहरा बघून पुन्हा नाही विचारलं. मॅडमच्या बाजूची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर त्या पर्स ठेवायच्या. माझ्या जागेवरून ती पर्स दिसायची.

मनोरीचा संदेश माझ्या फोनवरून काढायला मात्र त्या विसरल्या, की विसरल्या नाहीत, मला माहीत नाही. तो येत राहिला. सकाळी सहा, गॅसवर चहा, टिंग. तापमान, बॅटरी, वेळ. मी मोठ्यानं वाचायला लागले, हळूच, निळा टॉवेल वाळत नसेल तेव्हा. आईलाही सांगितलं, रात्री आठला फोन करत जा, मी आठला मोकळी असते. आई म्हणाली, "अन् मधात काही झालं तं?" मी म्हटलं, "मग केव्हाही कर." तरी उशाशी फोन अजून असतो, ते सुटलेलं नाही.

महिना भरला त्या सकाळी मी कामावर पोचले तर मॅडम जिन्यातच भेटल्या. छत्री, डबा, पिशवी, दोन्ही हात भरलेले. त्यांना फोन काढता येत नव्हता.

"मनोरी आली का गं?"

"आली. सहाला."

"बॅटरी?"

मी आकडा सांगितला. त्यांनी पायरीवर उभं राहूनच हिशेब केला, ओठ हलत होते. मग मान हलवली, बाराबद्दल साहेबांशी बोलायला हवं असं काहीसं पुटपुटल्या आणि वर गेल्या. मी मागून जाऊन माझ्या टेबलावर बसले, गन तापायला ठेवली. थोड्या वेळानं सहज वर पाहिलं. पर्स खुर्चीवरून खाली जमिनीवर ठेवलेली होती.

मी लगेच उठले नाही. गन बंद केली, दोनदा बघितली बंद झाली का, आणि मग गेले.